नाचणारीचे श्रम आणि चित्रकाराची नजर



जिनिंग-प्रेसिंगमधील कामगारांची संघटना बांधण्यात माझे आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली. चित्रे पाहिली ती वाचनालयातील पुस्तकांत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रांतल्या नर्तकीकडे मी कामगाराच्या डोळ्यांनी पाहणार आहे. आपण ते गोड मानून घ्यावे.

चित्र हलत नाही आणि नाच थांबत नाही. मग नाच चितारावयाचा कसा? फ्रेंच चित्रकार जेरोम याने १८६३ साली एक पूर्वेकडील नर्तकी रंगविली. ती कंबर लचकवून नाचते आहे, सैनिक बसून पाहत आहेत. वस्त्राची घडीन् घडी हुबेहूब उतरली आहे. पण ती दमली आहे काय, किती वेळ नाचते आहे, हा विचार ते चित्र पाहताना मनात येत नाही. पाहणाऱ्यांची करमणूक एवढेच तिचे प्रयोजन.

त्याच पॅरिसात एदगार देगा हा चित्रकार होता. बाप सावकारी पेढीचा मालक; पण मुलाची नजर कष्टाच्या जागी जाऊन पोहोचली. इस्त्री करता करता जांभई देणारी बाई त्याने रंगविली, आणि ऑपेरा नाट्यगृहातील नर्तकी तर शेकड्यांनी. १८७४ च्या सुमारास त्याने नृत्याच्या वर्गाची चित्रे काढली. त्यांपैकी एकात म्हातारे गुरुजी ज्यूल पेरो काठी टेकून उभे आहेत. एक मुलगी पियानोवर बसून पाठ खाजवते आहे. फरशीवर पाण्याची झारी आहे, कारण नाचण्याआधी धूळ बसवावी लागे. रंगमंचावरील झगमगाटामागे असलेले हे कामाचे ठिकाण आहे. कारखान्यात ज्याने पाळी केली आहे त्याला ते लगेच ओळखू येते.

देगाने १८८१ साली चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा प्रदर्शनात मांडला. त्यासाठी उभी राहिलेली मुलगी मारी व्हान गोएतेम ही एका धोबिणीची लेक. पुतळा जगभर गाजला. त्या मुलीला मात्र पुढच्याच वर्षी ऑपेरातून काढून टाकण्यात आले. देगाने तिचे श्रम पाहिले, दाखविले. पण तिची नोकरी टिकविणे कोणत्याच चित्राच्या हाती नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आपले बुलढाणे वसले आहे, त्याच रांगेत ती जगप्रसिद्ध लेणी आहेत. देगा पॅरिसात नर्तकी रंगवीत होता त्याच सुमारास, १८७२ ते १८८५ या काळात, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे हिंदी विद्यार्थी या लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. राजाने संसार सोडू नये म्हणून नाच मांडला आहे. नर्तकी मधोमध, आणि तिच्याभोवती बासरी, टाळ, ढोल वाजविणाऱ्या स्त्रिया. नाच एकटीचा नसतो, साऱ्या ताफ्याचा असतो, हे त्या जुन्या चितारी मंडळींनी जाणले होते.

ग्रिफिथ्स यांनी एक गोष्ट नमूद केली आहे. चित्रातील हाताची वा अंगाची ठेवण नीट उमगेना, तेव्हा विद्यार्थी स्वतःच तसे उभे राहत आणि भिंतीवरील ठेवण अंगात जशीच्या तशी उतरे. याचा अर्थ मी असा घेतो, की नाचणारे शरीर केवळ डोळ्यांनी कळत नाही. तो ताण आपल्या अंगावर घ्यावा लागतो. त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनला आगीत जळाल्या. उरलेल्या श्रमातून ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. त्यावर नाव ग्रिफिथ्स यांचे. हात मात्र अनेकांचे.

मंडळी, दूरच्या चित्रांचा हा विचार आपल्या दारात आणल्यावाचून पुरा होत नाही. जत्रेत तमाशाचा फड येतो. आपण शिट्या मारतो, दौलतजादा करतो, आणि सकाळी त्याच बाईला नावे ठेवतो. हंगामाआधी घेतलेली उचल फिटता फिटत नाही, पायांत चाळांचे ओझे, रात्रभर उभे राहणे, आणि पहाटे पुढच्या गावाची वाट. गुडघे गेले की पुढे काय? गिरणीत आठ तासांची पाळी मागणारे आम्ही, त्या बाईच्या रात्रीचे तास कधी मोजत नाही.

जेरोमच्या चित्रातील सैनिकांसारखे बसून पाहावयाचे, की देगासारखे पडद्यामागची झारीसुद्धा पाहावयाची, हे आपल्या हाती आहे. पण केवळ पाहून भागणार नाही. येत्या हंगामात आपल्या गावी फड आला, तर सुपारी ठरविताना पंचांनी एवढे विचारावे: नाचणारीच्या हाती किती पडते, तिच्या झोपण्याची सोय काय, आणि ती आजारी पडली तर तिचा रोज बुडतो काय? एवढे विचारले, तर हे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.