माउस हातात धरूनच घ्यावा



लॅपटॉप घ्यायचा ठरला की घरात पंधरा दिवस चर्चा चालते. पुण्यातल्या भाच्याला फोन होतो, चार दुकानं पालथी घातली जातात, रॅम किती, डिस्क किती याची टिपणं होतात. माउसच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. बिल करता करता दुकानदार काउंटरवरचा एक उचलतो, पिशवीत टाकतो आणि तो आपला होतो. पुढची तीन-चार वर्षं रोज कित्येक तास आपला तळहात त्याच वस्तूवर टेकलेला असतो. लॅपटॉपच्या आत काय बसवलंय ते हाताला कधी जाणवत नाही, माउस मात्र मिनिटामिनिटाला जाणवतो. म्हणून आज मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. वायरलेस माउस खोक्यावरचे आकडे वाचून घेऊ नये. तो हातात धरून पाहावा, आणि आपल्या घरी तो ज्या टेबलावर चालणार आहे ते टेबल डोळ्यांसमोर आणून मग घ्यावा.

माउसचा जन्मच मुळी अशा पारखीतून झाला. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस बनवला. लाकडी ठोकळा, त्याच्या पोटाशी काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. पण कल्पना आपली आहे म्हणून ती उत्तमच असणार, असं त्यांनी धरून चालवलं नाही. पडद्यावरचं अक्षर निवडायला त्या वेळी लाइट पेन होतं, जॉयस्टिक होती; गुडघ्याने हलवायचं एक साधनही त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालं होतं. त्यांनी माणसं बसवली, एकेक साधन त्यांना वापरायला दिलं आणि किती वेळ लागतो, किती चुका होतात ते मोजलं. निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सरावलेल्या माणसांच्या हातात माउस सरस ठरला. नवख्यांना मात्र लाइट पेन आणि गुडघ्याचं साधनही चांगलं जमलं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात लोकांसमोर आला तो असा परीक्षा दिलेला माउस. तारेचंही तसंच. सुरुवातीच्या नमुन्यात ती मनगटाच्या बाजूने निघत होती आणि हाताखाली येत होती, म्हणून ती पुढच्या बाजूला नेली गेली. ती तार पुरती जायला मात्र बराच काळ लागला. रेडिओलहरींवर चालणारा कॉर्डलेस माउस लॉजिटेकने आणला तो १९९१ साली.

आता दुकानात चला. तिथे ‘लॅपटॉपसाठी’ म्हणून जो माउस पुढे केला जातो तो बहुतेक वेळा लहान असतो. बॅगेत सहज मावावा हा त्यामागचा विचार. पण आपल्याकडचे पुष्कळ लॅपटॉप जागचे फारसे हलतच नाहीत. ते जेवणाच्या टेबलावर, बँकेच्या काउंटरमागे, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात वर्षानुवर्षं एकाच जागी असतात. तिथे लहान माउसचा फायदा काहीच नाही, आणि त्रास रोजचा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात पट्टीने मोजा. तो एकोणीस-वीस सेंटिमीटर असेल आणि माउस साडेनऊ सेंटिमीटरचा असेल, तर तळव्याला टेकायला जागा मिळत नाही. मग बोटं आखडतात, अंगठा आणि करंगळी माउसला चिमटीत धरून ठेवतात, आणि संध्याकाळी पंजा दुखतो. दुखणं माउसमुळे आहे हे ध्यानात येत नाही, आपण बाम चोळत बसतो. माउस हाताखाली घ्या आणि बोटं सैल सोडा. तर्जनी आणि मधलं बोट आपोआप बटणांवर आली पाहिजेत, तळव्याचा मागचा भाग माउसच्या पाठीवर विसावला पाहिजे, मनगट वर मोडता कामा नये. शोकेसमधला माउस बाहेर काढून दाखवायला दुकानदार कुरकुरला, तर दुसरं दुकान गाठावं.

एक गोष्ट इथे बसल्या बसल्याच करून पाहा. कोपर अंगाशी ठेवा आणि हस्तांदोलनासाठी करतो तसा हात पुढे करा. आता तोच हात पालथा करा. कोपराजवळ किंचित ताण जाणवला? हात पालथा होताना बाहूतली दोन हाडं एकमेकांवरून ओलांडतात, आणि साधा माउस धरून आपण त्यांना दिवसभर तशाच अवस्थेत ठेवतो. उभा माउस निघाला तो हा पीळ कमी करायला. लॉजिटेकच्या २०१८ मधल्या एमएक्स व्हर्टिकलचा कल ५७ अंशांचा आहे. पहिले काही दिवस नेम चुकतो, पण हिशेबाचं, डीटीपीचं, नकाशांचं काम सलग करणाऱ्यांनी तो एकदा तरी हाताळून पाहावा. बोटांना मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर मात्र माउस बदलून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात मूल डावखुरं असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घ्या. उजव्या अंगठ्यासाठी खोबण केलेला सुबक माउस त्या मुलाच्या काहीच कामाचा नसतो.

हाताइतकंच महत्त्व टेबलाला आहे. ते का, हे समजायला माउसच्या पोटात डोकवावं लागेल. जुन्या माउसमध्ये रबरी आवरणाचा गोळा होता. खालची चकती फिरवून तो बाहेर काढायचा आणि आतल्या रुळांवर जमलेला मळ नखाने खरवडायचा, हे इथल्या अनेकांनी केलं असेल. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला आणि त्या गोळ्याचे दिवस भरले. या माउसच्या तळाशी दिवा आहे, भिंग आहे आणि एक चिमुकला कॅमेरा आहे. दिव्याचा उजेड पृष्ठभागावर तिरका पडतो, तिथल्या बारीक खरबरीतपणाच्या सावल्या पडतात आणि कॅमेरा त्यांची चित्रं घेतो. त्या पहिल्या माउसमध्येच सेकंदाला १५०० चित्रं घेतली जात होती. आधीच्या चित्रातला ठिपका पुढच्या चित्रात कुठे सरकला ते आतली चिप ताडून पाहते, त्यावरून हात किती आणि कुठे हलला ते काढते.

म्हणजे माउसला पाहायला काहीतरी खरबरीत लागतं. कोरा कागद आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण त्याच्या तंतूंच्या सावल्या या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसतात. साधी सनमायका, लाकूड, पुठ्ठा, कापड, सगळं चालतं. काच मात्र चालत नाही. उजेड आरपार जातो, कॅमेऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि कर्सर जागच्या जागी थरथरतो किंवा उड्या मारतो. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर काच असते, नाहीतर पारदर्शक प्लॅस्टिकची शीट अंथरलेली असते. कार्यालयात साहेबांच्या टेबलावर काच आणि काचेखाली कॅलेंडर. तिथे गेल्यावर नवा माउस ‘खराब निघाला’ म्हणून परत येतो. त्यात बिघाड काहीच नसतो. काचेवर चालणारे माउस मिळतात. लॉजिटेकने २००९ मध्ये डार्कफील्ड नावाचं तंत्र आणलं, त्याला निदान चार मिलिमीटर जाडीची काच लागते. पण ते माउस महाग पडतात. एक साधा माउसपॅड, नाहीतर वहीचा जुना पुठ्ठा, यावर तेच काम होतं.

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो डीपीआयचा. १०००, १६००, ४०००. दुकानदारही जास्त आकड्याचा म्हणजे भारी असं सांगतो. याचा हिशेब अगदी सोपा आहे. माउस एक इंच हलला की तो संगणकाला किती पावलं कळवतो, तो हा आकडा. नेहमीच्या लॅपटॉपचा पडदा आडवा १९२० ठिपक्यांचा असतो. विंडोजमध्ये वेग मूळचाच ठेवला, तर १००० डीपीआयच्या माउसने हा पडदा ओलांडायला हात दोन इंचांहूनही थोडा कमी हलवावा लागतो. ४००० घेतला तर अर्धा इंचसुद्धा नाही. आता त्या अर्ध्या इंचात एक्सेलच्या नेमक्या चौकटीवर थांबून दाखवा! रोजच्या कामाला १००० ते १६०० भरपूर होतं. त्यावरच्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता जोडणी. एका प्रकारात नखाएवढा रिसीव्हर येतो, ज्याला आपण डोंगल म्हणतो. दुसऱ्या प्रकारात माउस थेट ब्लूटूथने जोडला जातो. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतात. डोंगल लावला की माउस चालू, काही शिकावं लागत नाही. विंडोज नव्याने टाकायचं असेल तेव्हाही तो चालतो, ब्लूटूथचा माउस तिथे सहसा आंधळा होतो. पण डोंगल एक पोर्ट अडवून बसतो, आणि बऱ्याच नव्या पातळ लॅपटॉपना तसलं चौकोनी पोर्टच नसतं, फक्त टाइप-सी असतं. तेव्हा घरून निघताना लॅपटॉपची बाजू नीट बघून घ्या. ब्लूटूथ घ्यायचं असेल आणि लॅपटॉप फार जुना असेल, तर त्यातलं ब्लूटूथ कितवं आहे तेही पाहा. कमी विजेवर चालणारे आजचे माउस निदान ४.० मागतात, आणि ती आवृत्ती २०१० मध्ये आली.

डोंगलच्या माउसबद्दल खरेदीआधीच एक प्रश्न विचारावा: हा हरवला तर दुसरा मिळेल का? पुष्कळ स्वस्त माउसची आणि डोंगलची जोडी कारखान्यातच कायमची बांधलेली असते. डोंगल सोफ्याच्या फटीत गेला की चांगला माउस कचऱ्यात. लॉजिटेकचे युनिफाइंग आणि नंतरचे बोल्ट हे रिसीव्हर सुटे मिळतात, पुन्हा जोडता येतात, एकावर सहा साधनं चालतात. फक्त युनिफाइंगचा माउस बोल्टवर चालत नाही, बोल्टचा युनिफाइंगवर चालत नाही.

हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे गावचा पार आहे. घरचं वायफाय, शेजाऱ्याचं वायफाय, इयरफोन, माउस, सगळे तिथेच बसून एकदम बोलतात. त्यात भर यूएसबी ३ ची. निळ्या पट्टीच्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क लावून फाइली टाकायला घेतल्या की नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजून दाखवलं आहे. शेजारच्या पोर्टमध्ये डोंगल असेल तर कर्सर अडखळतो. लोक सेल बदलतात, माउस आपटतात. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, नाहीतर हातभर एक्सटेन्शन केबलने लांब घ्या, बहुतेक वेळा अडखळणं थांबतं.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ब्लूटूथ नसलेल्या अनेक माउसचे डोंगल बाहेरून पाठवलेल्या खोट्या कळा खऱ्या मानून संगणकात सोडतात. ‘माउसजॅक’ नावाने ते प्रकरण गाजलं. बँक, पतसंस्था, सरकारी कार्यालय यांनी तरी बिननावाचा माउस घेऊ नये, आणि नावाचा घेतला तर कंपनीने दिलेली सुधारणा टाकून घ्यावी.

सेलबद्दल जरा जास्त बोलतो, कारण नुकसान इथेच होतं. ‘हेवी ड्यूटी’ असं छापलेला सेल भारी समजून घेतला जातो. तो असतो झिंक-कार्बनचा. तो लवकर उतरतो, आणि उतरल्यावर तसाच राहिला तर पाझरून पत्र्याच्या पट्ट्या गंजवतो. अल्कलाइन घ्यावा. त्याहून बरं म्हणजे चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे दोन सेल घ्यावेत. ते दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात, पण बहुतेक माउसना चालतात. एक माउसमध्ये, एक खणात. आतच बॅटरी बंद केलेला माउस दिसायला देखणा असतो. पण ती बॅटरी काही वर्षांनी दमते आणि सहजी बदलता येत नाही. मला स्वतःला सेल बदलता येणारा माउस पसंत आहे. बॅगेत टाकताना तळाचं बटण बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रवासभर हलून हलून तो जागाच राहतो.

एका खोलीत सगळं घर झोपलेलं आणि कोपऱ्यात परीक्षेला बसणारी मुलगी अभ्यास करते आहे, अशा घरांनी ‘सायलेंट’ माउस घ्यावा. ही चैन समजू नका. मग रात्रभर टकटक होत नाही, आजीची झोप मोडत नाही आणि मुलीलाही अपराधी वाटत नाही. माउसचा पहिला बिघाड बहुधा बटणाखालच्या स्विचचा असतो. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होतं, फाइल निवडायला जावं तर उघडते. हे वॉरंटीत बसतं, काही कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण बिल जपलेलं नसतं. बिलाचा फोटो काढून ठेवा. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना आणि किंमत छापलेली नसेल तर तो माल घेऊच नका.

शेवटी आपल्यातल्या ज्येष्ठांबद्दल. निवृत्त झाल्यावर लॅपटॉप शिकणाऱ्यांचा हात थोडा थरथरतो, दोन क्लिकमध्ये अंतर पडतं, आणि ‘मला हे जमायचं नाही’ म्हणून ते सोडून देतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं, कारण इलाज हाताशी असतो. त्यांच्यासाठी मोठ्या आकाराचा, जरा वजनदार, ठसठशीत चाकाचा माउस घ्या. विंडोजमधल्या माउस प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कर्सरचा वेग कमी करा, डबल क्लिकची पट्टी ‘स्लो’कडे सरकवा. तिथेच खाली ‘क्लिकलॉक’ आहे. ती खूण केली की बटण क्षणभर दाबून सोडलं तरी संगणक ते दाबलेलंच धरतो, ओळ निवडायला बोट दाबून ओढत न्यावं लागत नाही. मी आज चार वेगवेगळ्या आकारांचे माउस बरोबर आणले आहेत. एक उभा आहे, एक डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालणारा आहे. लॅपटॉप इथे टेबलावर सुरू आहे. ज्यांना हाताळून पाहायचे आहेत त्यांनी पुढे यावं, घाई नाही.