टॅपेटची फट आणि आमची डवरणी

आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या, रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज पापड-लोणच्याचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज इंजिनाचं बोलायचं आहे. हसू नका. ज्या गटांकडं पॉवर विडर आहे, फवारणीचा पंप आहे किंवा पेट्रोलवर चालणारं कुठलंही छोटं इंजिन आहे, त्यांच्या कामाचं आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घेऊन बसा.

आधी आमच्यावर काय बेतलं ते सांगतो. आपल्याकडं सोयाबीन आणि तूर. पेरल्यापासून पहिला महिना-दीड महिना वावर स्वच्छ राहिलं तरच सोयाबीन हाती लागतं. एक डवरणी पंधरा-वीस दिवसांनी, दुसरी महिन्याभरानं, आणि फुलावर यायच्या आत सगळं आटपायचं. पूर्वी घरोघरी बैलजोडी होती. आता जोडी पोसणं परवडत नाही, आणि ज्याच्याकडं आहे तो आधी स्वतःचं वावर डवरतो. एकट्या बाईचा नंबर शेवटी लागतो. म्हणून आम्ही गटातून पॉवर विडर घेतला. आधी सभासदांची वावरं, मग गावातल्यांना तासावर भाड्यानं, असं ठरलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ऐन डवरणीत, पावसानं उघडीप दिली, वाफसा आला, आणि दुसऱ्याच दिवशी इंजिन सुरू होईना. दोरी ओढून ओढून खांदे दुखले. शेवटी गाडीत टाकून तालुक्याला नेलं. दुकानात आधीच रांग होती. सहाव्या दिवशी मशीन हाती आलं, तोवर पाऊस परत लागला होता. आमच्यातल्या दोघींच्या वावरात तण सोयाबीनच्या डोक्यावर गेलं. त्यातल्या एक काकू एकट्याच राहतात. त्यांना मजूर लावून निंदण करावं लागलं आणि त्या वर्षी सोयाबीन विकून हातात फारसं काही उरलं नाही. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकींना आल्याही नाहीत.

मशीन आणायला गेलेल्या वहिनी मेकॅनिकजवळ उभ्या राहून बघत होत्या. त्यानं वरचं एक झाकण उघडलं, पातळ पट्टी घालून दोन नट फिरवले, झाकण लावलं आणि दोरी ओढली. इंजिन सुरू. म्हणाला, "ताई, टॅपेट टाइट झाले होते." काम अर्ध्या तासाचं सुद्धा नव्हतं. वहिनी घरी येऊन म्हणाल्या, "मशीन आपलं, हप्ता आपला, आन् चावी दुसऱ्याच्या हातात. असं काहून?" तिथून आम्ही हे शिकायचं ठरवलं.

आता टॅपेट म्हणजे काय ते बघू. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात, त्यांना वाल्व म्हणतात. एका झडपेतून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीतून जळलेला धूर बाहेर जातो. मधे स्फोट होतो तेव्हा दोन्ही झडपा घट्ट बंद पाहिजेत. कुकरची रिंग नीट बसली नाही तर कितीही जाळ लावा, शिट्टी होत नाही. इंजिनाचं तसंच आहे. झडप जराशी जरी उघडी राहिली तरी आत दाब धरत नाही, आणि दाब नाही तर इंजिन सुरू होत नाही.

झडपेला वरून दाबणारा एक छोटा लोखंडी हात असतो, त्याला रॉकर म्हणतात. रॉकर आणि झडपेची दांडी यांच्या मधे केसाएवढी फट ठेवलेली असते. ती का? तर लोखंड तापलं की वाढतं. फट नसेल तर तापल्यावर दांडी रॉकरला टेकते, झडप पूर्ण मिटत नाही, आणि गरम धूर तिच्या कडेनं जाऊन जाऊन कड जळते. फट जास्त झाली तर झडप कमी उघडते, ताकद उतरते आणि कटकट आवाज येतो. काही इंजिनांत दोरी हलकी जावी म्हणून धुराची झडप सुरुवातीला किंचित उघडण्याची सोय असते. फट जास्त झाली की ती सोय चालत नाही आणि दोरी मनगटाला झटका देते. वापरानं झडप आपल्या बैठकीत हळूहळू खाली बसते आणि फट कमी होत जाते. आमचं तेच झालं होतं.

ही फट किती? लिहून घ्या. पॉवर विडरवर नेहमी दिसणारी होंडाची जीएक्स १६० आणि जीएक्स २०० ही इंजिनं घेतली, तर हवेच्या झडपेला ०.१५ मिलिमीटर आणि धुराच्या झडपेला ०.२० मिलिमीटर, इंजिन थंड असताना. वहीचं साधं पान साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं. म्हणजे दीड पान आणि दोन पानं, एवढाच हिशोब. तुमचं इंजिन दुसरं असेल तर त्याच्या पुस्तिकेतला आकडा घ्या, आमचा घेऊ नका. पुस्तिका इंग्रजीत असेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. आणि वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडू नका, विकणाऱ्यालाच बोलवा.

टॅपेटला हात लावायच्या आधी चार सोप्या गोष्टी बघायच्या. पेट्रोल गेल्या हंगामातलं जुनं आहे का? प्लग काळा, ओला झाला आहे का? एअर फिल्टर मातीनं भरला आहे का? ऑइल कमी आहे का? काही इंजिनं ऑइल कमी असलं की सुरूच होत नाहीत. इंजिन बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा इथंच सापडतं. इथं सापडलं नाही तरच पुढं जा.

सामान फार लागत नाही. दहा नंबरचा पाना, आतल्या मोठ्या नटाला बसेल असा दुसरा पाना, प्लगचा पाना, स्वच्छ फडकं, प्लास्टिकची एक स्ट्रॉ आणि फिलर गेज. फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. प्रत्येक पट्टीवर जाडी लिहिलेली असते. मोटारसायकलचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो.

आता काम. पदर खोचा, बांगड्या मागं सारा, चूल आणि विडी-काडी लांब ठेवा. मशीन सपाट जागी उभं करा, गिअर न्यूट्रलला, स्विच बंद, पेट्रोलचा कॉक बंद. इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. म्हणून हे काम सकाळी चहाच्या आधी करायचं. डोक्यावरची माती ब्रशनं झाडून घ्या, नाहीतर ती आत जाईल. प्लगची टोपी काढा, प्लग काढा. मग वरच्या झाकणाचे चार बोल्ट काढा. झाकणाखाली पॅकिंग असतं, ते फाटू देऊ नका. थोडं ऑइल सांडेल, खाली फडकं ठेवा.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि आम्ही चुकलो ती इथंच. पिस्टन वर आलेला पाहिजे, पण बरोबर खेपेला. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा धूर ढकलायला, एकदा दाब द्यायला. आपल्याला दाबाची खेप पाहिजे. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि दुसरीला दोरी अगदी हळू ओढायला सांगा. अंगठा बाहेर ढकलला जातोय असं वाटलं की दाबाची खेप आली. मग स्ट्रॉ भोकात घालून हातात धरून ठेवा, सोडू नका. दोरी हळूहळू ओढली की पिस्टन स्ट्रॉला वर ढकलतो. वर जाणं थांबलं की किंचितशी पुढं घ्या. आता दोन्ही रॉकर बोटानं हलवून बघा. दोन्ही जरा जरा खुळखुळले पाहिजेत. टॅपेट फारच टाइट असतील तर खुळखुळणार नाहीत, पण तरी दोन्ही स्प्रिंग सारख्याच वर आलेल्या दिसतील. एखादी झडप दाबलेली दिसली तर खेप चुकली. पिस्टन पुन्हा खाली जाऊन वर येईपर्यंत दोरी ओढा.

मग फट मोजा. सायलेन्सरच्या बाजूची झडप धुराची, कार्बोरेटरच्या बाजूची हवेची. पट्टी रॉकर आणि दांडीच्या मधे सरकवा. वहीचं पान तळहाताखाली दाबून ओढलं की जसं हलकं अडकत येतं, तशी पट्टी सरकली पाहिजे. घुसतच नसेल तर फट कमी, सैल फिरत असेल तर जास्त. फट बरोबर असेल तर काही करू नका, झाकण लावून टाका. नसेल तर खालचा मोठा नट पान्यानं धरा, वरचा लॉक नट ढिला करा, मोठा नट अगदी थोडा फिरवून फट जुळवा आणि लॉक नट परत आवळा. आवळताना फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. आमचं दोनदा-तीनदा करूनच जमतं. त्यानंतर दोरी हळू ओढून पिस्टन पुन्हा दाबाच्या खेपेला आणा आणि एकदा परत मोजा. पॅकिंग, झाकण, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत लावा. प्लग आधी हातानं फिरवून बसवा, मग पान्यानं. ऑइल बघा आणि दोरी ओढा.

आमची चूक सांगायची राहिली. पहिल्यांदा अंगठा न लावता नुसता पिस्टन वर आला म्हणून आम्ही फट जुळवली. ती धुराची खेप होती, तेव्हा झडपा थोड्या उघड्या असतात. झाकण लावून दोरी ओढली तर मनगटाला असा झटका बसला की वहिनी ओरडल्याच. कसंबसं सुरू झालं तर भांडी आपटल्यासारखा आवाज. अंगणात उभी असलेली माणसं म्हणाली, "बायांनी मशीन खराब केलं." आम्ही लगेच बंद केलं. वहिनींची भाची आयटीआयमध्ये शिकते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "आत्या, घाबरू नको. काही मोडलं नाही, फट जास्त झाली. आज हात लावू नको, थंड होऊ दे. उद्या सकाळी अंगठा लावून बघ." दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं, आणि आवाज असा सारखा की आम्ही उगाच दहा मिनिटं ऐकत बसलो.

आता आमचा नेम असा आहे. होंडाच्या पुस्तिकेत फट वर्षातून एकदा किंवा ३०० तासांनी तपासायला सांगितली आहे. ऑइल नव्या मशीनला पहिल्या २० तासांनी बदलायचं, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. एअर फिल्टर ५० तासांनी, धूळ जास्त असेल तर त्याआधीच. मशीन तासावर भाड्यानं जातं, म्हणून तास भाड्याच्या वहीत आपोआप येतात. त्याच वहीत शेजारी एक रकाना आखला: ऑइल, फिल्टर, प्लग, टॅपेट. टॅपेट आम्ही उन्हाळ्यातच बघून ठेवतो, पेरणीची वाट बघत नाही. दरवेळी दोघी जुन्या आणि एक नवी असं बसतो, म्हणजे हे एकीच्याच हातात राहत नाही.

मेकॅनिकची गरज संपली असं आम्ही म्हणत नाही. फट बरोबर आहे, प्लग बरोबर आहे, तरी दाब धरत नाही, तर झडप जळली असेल किंवा पिस्टनची रिंग गेली असेल. ते काम त्याचंच. पण आता आम्ही दुकानात जाऊन "काय झालं माहीत नाही" असं म्हणत नाही. काय काय तपासलं ते सांगतो, त्यामुळं त्याचाही वेळ वाचतो.

मोटारसायकल असो, अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या त्या चार जाड चाकांच्या एटीव्ही गाड्या असोत, की आपला विडर असो, झडपेच्या फटीचं गणित सगळीकडं हेच. आकडे वेगळे, झाकण उघडायची पद्धत वेगळी, आणि काहींत नट फिरवून भागत नाही. पण थंड इंजिन, दाबाची खेप आणि पट्टीनं मोजणं, या तीन गोष्टी सारख्याच.

गेल्या हंगामात उघडीप चारच दिवस मिळाली. मशीन चारही दिवस चाललं. पहिला नंबर आम्ही त्या एकट्या काकूंच्या वावराला दिला. डवरणी झाल्यावर त्या धुऱ्यावर बसून म्हणाल्या, "मलेही शिकवा ते पट्टीचं." या उन्हाळ्यात नवी म्हणून त्याच बसल्या. अंगठा त्यांनीच लावला होता.

तुमच्या गटात मशीन असेल तर आधी त्याची पुस्तिका शोधून काढा.