साध्या दिवसाचं चित्र



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नाही. तरी आज चित्रांवर बोलतोय, कारण विषय आपल्या रोजच्या दिवसाचा आहे.

आपल्यातल्या अनेकांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. उजाडायच्या आत डबा, गावातून स्टेशनपर्यंत रिक्षा, मग सीएसएमटीपर्यंत दीडेक तास. असे शेकडो दिवस जातात आणि त्यातला एकही वेगळा आठवत नाही.

असेच दिवस ठाण्यातले एक डॉक्टर बघत होते. सुधीर पटवर्धन 1975 ते 2005 ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. चित्रकला ते स्वतःच शिकले. नोकरी सांभाळून त्यांनी 1977 मध्ये 'इराणी रेस्टॉरंट' रंगवलं, 2001 मध्ये बदलत्या गिरणगावाचं 'लोअर परळ'. त्यांच्या चित्रांत राजे-महाराजे नाहीत. कामावर जाणारी, थकलेली, वाट बघणारी माणसं आहेत. गिरण्या गेल्या, पण तो काळ कॅनव्हासवर राहिला.

पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई वारली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. पुढे त्यांनी चेहरा नसलेल्या कितीतरी स्त्रिया रंगवल्या. जे आठवत नाही, तेसुद्धा प्रामाणिकपणे मांडता येतं.

आता आपल्याकडे बघू. आपल्या मोहल्ल्याचा फोटो पेपरात कधी येतो? तणाव असला, निवडणूक असली, नाहीतर ईद असली तर. बाकीचे साडेतीनशे दिवस कोण नोंदवतं? ते आपण नोंदवले नाहीत, तर उद्या आपल्याबद्दल फक्त बातम्या उरतील.

माझ्या नानीचं कौलारू घर पाडून तिथे इमारत झाली. फोनमध्ये लग्नाचे फोटो ढीगभर आहेत, तिच्या स्वयंपाकघराचा एकही नाही. मागच्या रमजानमध्ये मी त्याचं चित्र काढायला बसलो. अम्मी म्हणाली, खिडकी नदीच्या बाजूला होती. मामू म्हणाले, नाही, विहिरीच्या. वाद तासभर चालला. त्या तासाभरात पाटा-वरवंटा, रॉकेलचा स्टोव्ह, 26 जुलै 2005 च्या पुराची भिंतीवरची रेघ, सगळं कागदावर आलं. खिडकीचा निकाल अजून लागलेला नाही. मी दोन्हीकडे काढून ठेवली आहे.

माणसांची चित्रं काढावीत का, यावर आपल्यात वेगवेगळी मतं आहेत. ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी घर काढावं, भांडी काढावीत, दारातल्या चपला काढाव्यात. चपलांवरूनही घरात कोण-कोण आहे ते कळतं.

तेव्हा एक साधी वही घ्या. आठवड्याला एक चित्र काढा; खाली तारीख आणि वेळ लिहा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. मग ते घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दाखवा. ते म्हणतील, "असं नव्हतं." तेव्हा पेन खाली ठेवू नका. ते जे सांगतील, ते तिथेच लिहून घ्या.