आपल्या अंगाचा माठ

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही फुलंब्रीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. वाचून दाखवणारी आमच्यातली एक आहे, पण यातलं बोलणं सगळ्यांचं आहे. होळी झाली, ऊन तापायला लागलं. महिना-दीड महिन्यात अद्रकीची लावण सुरू होईल, मग सरकी. म्हणजे आपलं काम नेमकं कडक उन्हात वाढणार. म्हणून आज उन्हाबद्दल बोलायचं, आणि आपलं अंग त्या उन्हाशी कसं झुंजतं त्याबद्दल.

आधी मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. आम्ही आठजणी अद्रक लावायला गेलो होतो. दुपारचा एक वाजला असेल. आमच्यातली एक, आमच्यापैकी दोघींची जाऊच लागते ती, बेडवर बसल्या बसल्या काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. पोराला हाक मारत होती, पोरगा तर पुण्याला. मग आडवी झाली. हात लावला तर अंग तव्यासारखं. आम्ही काय केलं? तिला लिंबाखाली नेलं, ते बरोबर केलं. पण मग कुणी म्हणालं ताप आलाय, तापाची गोळी पाण्यात कुस्करून तोंडात घातली. कुणी म्हणालं बाहेरचं लागलं, नजर उतरवली. गाडी बघण्यात, मालकाला फोन करण्यात तासभर गेला. जवळच ठिबकाचं पाणी होतं, पण तिच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतायचं कुणाला सुचलं नाही.

ती वाचली. आठ दिवस दवाखान्यात होती. अजून तिला उन्हात उभं राहवत नाही, रानात येणं बंद झालं. हे भाषण लिहायचं ठरलं तेव्हा तिनंच सांगितलं, माझं सांगा म्हणजे दुसरीचं असं होणार नाही.

मग आम्ही विचारत गेलो. आशाताईंना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. जे कळलं ते सोपं करून सांगतो.

आपल्या अंगाचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं. पौषातल्या पहाटेही तेवढंच, वैशाखातल्या दुपारीही जवळजवळ तेवढंच. हे सांभाळणारी एक छोटी जागा मेंदूच्या तळाशी आहे. कातडीकडून आणि रक्ताकडून तिला सारखी खबर जाते. गारठा वाटला की ती कातडीकडचं रक्त आत ओढून घेते, म्हणून थंडीत हातपाय गार पडतात. तरी भागलं नाही तर अंग थरथरवते. थरथरणं म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करणं. ऊन लागलं की उलट होतं. कातडीकडे रक्त जास्त सोडलं जातं, चेहरा लाल होतो, शिरा फुगतात. आणि घाम सुटतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. उष्णता फक्त सूर्याकडून येत नाही, आपल्या आतूनही येते. आपण खुरपं चालवतो, पाटी उचलतो, तेव्हा खाल्लेल्या भाकरीच्या ताकदीतला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लागतो. बाकीची सगळी उष्णता होते. म्हणून सावलीत बसलेल्या माणसापेक्षा काम करणारी बाई कितीतरी लवकर तापते.

ही उष्णता बाहेर कशी जाते? कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर उष्णता आपसूक अंगातून हवेत जाते. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा हवाच आपल्याला तापवते. अशा वेळी अंगाकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम.

घामाचं काम समजायचं असेल तर घरातला माठ बघा. माठाच्या बारीक भोकांतून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. आपली कातडी तेच करते. आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी आहेत. एक लिटर घाम वाळतो तेव्हा जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. तेवढ्या उष्णतेत आठ लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल. उन्हात कष्टाचं काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो.

याची ताकद किती? इंग्लंडमधले डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७७५ साली आपला एक प्रयोग छापला. ते आणि त्यांचे सोबती १०० अंशांहूनही जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटं उभे राहिले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी शिजली, मांस शिजलं. माणसं मात्र बरी बाहेर आली, कारण त्यांना घाम येत होता आणि तो वाळत होता.

वाळत होता, हे महत्त्वाचं. घाम नुसता गळून उपयोग नाही. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हवेतच ओल असते, पाझरलेलं पाणी वाळत नाही. अंगाचंही तसंच. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा मोकळ्या मैदानावर झाला. लाखो माणसं तासन्‌तास उन्हात बसली होती. उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. पारा तर ३८ च्या आसपासच होता. आपण म्हणू, एवढं तर आपल्याकडे रोजच असतं. पण ती समुद्राकाठची दमट हवा. आणि ती माणसं काम करत नव्हती, नुसती बसलेली होती. तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका. जूनमध्ये आभाळ भरून येतं, पाऊस पडत नाही, उकडतं, आणि आपण सरकी लावत असतो. ते दिवसही धोक्याचेच.

माठात पाणीच नसेल तर तो गार कसा राहील? इथं आपल्या बायकांचं खरं दुखणं आहे. ते रेडिओवर बोलायला लाज वाटते, पण बोलतोच. आपण रानात पाणी पीत नाही. का? लघवीला जायला आडोसा नाही म्हणून. सकाळी घोटभर चहा पिऊन निघायचं आणि संध्याकाळपर्यंत धरून ठेवायचं. आमच्या जावेनं त्या दिवशी सकाळपासून एक तांब्याही पाणी पिलं नव्हतं. पाणी कमी पडलं की घाम कमी होतो, रक्त दाट होतं, चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. हा प्रश्न पाण्याचा नाही, आडोशाचा आहे.

बाईच्या अंगाच्या आणखी काही गोष्टी आहेत. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास वाढलेलं असतं. पोटुशी बाई दोन जिवांची उष्णता वाहते. पाळी जाण्याच्या वयात एकदम अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. ते नाटक नसतं. मेंदूतली ती जागा त्या वयात जरा हळवी होते, थोड्याशा उष्णतेलाही ऊन लागल्यासारखं वागते. सासूबाईंना तहान लागत नाही म्हणून त्यांना पाण्याची गरज नाही असं नाही, उतारवयात तहान कळतच नाही आणि घामही कमी येतो. तान्ह्या बाळाचं अंग लवकर तापतं आणि लवकर गारही पडतं. रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी ऊन जास्त बाधतं. गोळ्या मनानं बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि रानातून आल्यावर पत्र्याखाली चुलीपुढं बसायचं असतं. अंगाला गार व्हायला रात्र मिळाली पाहिजे, तीही नीट मिळत नाही. स्वयंपाक पहाटे उरकता आला, चूल बाहेर मांडता आली, तर मांडा. पत्र्याच्या खोलीत कडक दुपारी नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. ओला टॉवेल अंगावर घेऊन पंख्याखाली बसा, मग तो उपयोगाचा.

आता ओळखायचं कसं? पायात, पोटात गोळे येणं ही पहिली खूण. घामातून मीठही जातं, नुसतं पाणी पिऊन ते भरून येत नाही. मीठ घातलेलं ताक, पन्हं, लिंबू सरबत चांगलं. आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुसरी खूण म्हणजे खूप घाम, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर. तेव्हा काम थांबवायचं, सावलीत आडवं व्हायचं, कपडे सैल करायचे, घोट घोट पाणी प्यायचं. ‘एवढी ओळ संपवते’ असं म्हणायचं नाही.

तिसरी खूण असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटके, शुद्ध हरपणं, आणि अंग चटका बसेल इतकं गरम. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. हा उष्माघात. अंग कोरडं पडेल अशी वाट बघू नका, कष्टाचं काम करणाऱ्या बाईला यात घामही असू शकतो.

इथं आमची चूक झाली, ती नीट ऐका. तापात मेंदूतली ती जागा स्वतःच अंगाला जास्त तापायला सांगते, जंतूंशी लढायला. तापाची गोळी तिला परत खाली आणते. उष्माघातात तिनं तसं काही सांगितलेलंच नसतं, अंगाला उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून तिथं तापाच्या गोळीचा उपयोग नाही. आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. करायचं ते एवढंच: एकीनं १०८ ला फोन लावायचा, तो फुकट लागतो. बाकीच्यांनी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, पदरानं वारा घालायचा, काखेत आणि जांघेत ओलं फडकं ठेवायचं, बर्फ मिळाला तर बर्फ. कुशीवर वळवायचं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आधी गार करायचं, मग न्यायचं.

हे कळल्यावर आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या. सकाळी सहाला कामाला लागायचं, अकराला उठायचं. वीस मिनिटांनी सगळ्यांनी मिळून पाणी प्यायचं, तहान लागो न लागो. जोडीजोडीनं काम करायचं, जोडीदारणीच्या बोलण्याकडे कान ठेवायचा. नवी पोरगी किंवा माहेरी राहून आलेली सून पहिला आठवडा अर्धंच काम करील, कारण अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ ते चौदा दिवस लागतात. आणि बांधावर चार काठ्या रोवून जुन्या साड्यांचा आडोसा करायचा. चार काठ्या आणि दोन साड्या, एवढाच खर्च. त्यावाचून आम्ही इतकी वर्षं तहानेनं काढली.

राहिली रोजाची गोष्ट. अकराला उठलं तर रोज अर्धा मिळतो, आणि अर्ध्या रोजात घर चालत नाही. आम्ही मालकांशी बोललो. पहाटेच्या गार वेळेत हात जास्त चालतो, दोनजण उन्हात बसून राहण्यापेक्षा काम लवकर उरकतं, असं सांगितलं. दोघांनी संध्याकाळी चार ते साडेसहा काम देऊन पूर्ण रोज द्यायचं कबूल केलंय. बाकीचे अजून ‘बघू’ म्हणतात. एकट्या बाईला ‘नको येऊस’ म्हणता येतं, गावातल्या सगळ्याच बायांना नाही. म्हणून तुमच्या गावात, तुमच्या गटात हे बोला. लावण सुरू व्हायच्या आधी बोला.

आमची जाऊ हे घरी बसून ऐकत असेल. जाऊबाई, तुम्ही सांगा म्हणाल्या तसं सांगितलं. उद्या रानात जाताना डब्याच्या पिशवीत पाण्याची बाटली भरून घ्या गं बायांनो, आणि ती रिकामी करूनच घरी या.