वारसा कागदाचा, वारसा लेखणीचा

भाड्याच्या वाचनालयातून ज्यांनी कधीकाळी झुंजार किंवा काळा पहाड घरी आणला असेल, त्यांना रहस्यकथेचं व्यसन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. एक पुस्तक हातावेगळं झालं की पुढचं कधी, एवढाच प्रश्न. पण समजा, लेखकच गेला तर? त्याच्या नायकाला त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं, की दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायचं? आणि हे ठरवायचं कुणी? स्वीडनमधल्या एका कादंबरीमालेनं हा प्रश्न फार टोकदारपणे उभा केला. तिचीच हकिगत आज सांगणार आहे.

स्टीग लार्सन हे स्टॉकहोममधले पत्रकार. वंशद्वेष पसरवणाऱ्या संघटनांच्या कारवाया उघडकीस आणणं हे त्यांचं काम. त्यासाठी १९९५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘एक्स्पो’ नावाचं नियतकालिक काढलं. या कामापायी धमक्या येत, पण काम थांबलं नाही. उरलेल्या वेळात ते कादंबऱ्या लिहीत. तीन कादंबऱ्यांची हस्तलिखितं प्रकाशकाकडे पोचली होती. ९ नोव्हेंबर २००४ रोजी ते कार्यालयात निघाले. लिफ्ट बंद होती म्हणून जिने चढून वर गेले आणि हृदयविकाराच्या झटक्यानं कोसळले. वय अवघं पन्नास. पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, पहिली कादंबरी आली. बघता बघता या तीन पुस्तकांच्या जगभर कोट्यवधी प्रती खपल्या. लेखकानं मात्र त्यातली एकही छापलेली पाहिली नाही.

इंग्रजीत हे पुस्तक ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ म्हणून गाजलं. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ मात्र ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असा आहे. त्या एका नावात लार्सन यांचा सगळा संताप आहे. त्यांची नायिका लिस्बेथ सालांडर हिला लहानपणी मनोरुग्णालयात डांबलं जातं. मोठेपणी सरकारनं नेमलेला पालकच तिच्यावर अत्याचार करतो. आणि हे सगळं होतं कुठं, तर कल्याणकारी म्हणून जगात नावाजलेल्या देशात. खुनाचा तपास, संगणकातली चोरवाट, पाठलाग हे सगळं कथेत आहेच. पण कथा उभी आहे ती या संतापावर.

आता यातला दैवदुर्विलास पाहा. लार्सन आणि इव्हा गॅब्रिएलसन तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिले. लग्न केलं नव्हतं. लग्नाच्या नोंदींमुळे घरचा पत्ता शत्रूंच्या हाती लागेल ही भीती त्यामागं होती, असं इव्हाबाई सांगतात. स्वीडनच्या कायद्यात मात्र लग्नाशिवायच्या जोडीदाराला आपोआप वारसा मिळत नाही. लार्सन यांनी १९७७ मध्ये एक मृत्युपत्र लिहिलं होतं, पण ते आपली मालमत्ता एका डाव्या संघटनेला द्यावी असं सांगणारं. त्यावर साक्षीदारांच्या सह्याही नव्हत्या, म्हणून तेही निरुपयोगी ठरलं. सगळे हक्क वडील आणि भाऊ यांच्याकडे गेले. स्त्रियांवरच्या अन्यायाविषयी एवढं लिहिणाऱ्या माणसाच्या पश्चात त्याच्याच सोबतिणीला त्याच्या पुस्तकांबाबत शब्द टाकायची सोय उरली नाही.

लार्सन यांच्या लॅपटॉपवर चौथ्या कादंबरीची सुमारे दोनशे पानं होती, असं सांगितलं जातं. पण मालिका पुढे न्यायचं ठरलं तेव्हा ती पानं वापरलीच नाहीत. डेव्हिड लागरक्रान्ट्झ या लेखकाला काम दिलं गेलं. फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविचचं आत्मकथन शब्दबद्ध करणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. दुसऱ्याच्या आवाजात लिहिण्याचा सराव होता. कथानक फुटू नये म्हणून इंटरनेट नसलेल्या संगणकावर त्यांनी लिहिलं. ऑगस्ट २०१५ मध्ये चौथा भाग अनेक देशांत एकाच वेळी बाजारात आला. इव्हाबाईंनी जाहीर विरोध केला. वारसांनीही या पुस्तकातलं आपलं उत्पन्न ‘एक्स्पो’ला द्यायचं ठरवलं, हेही न्यायानं सांगायला हवं.

लागरक्रान्ट्झ यांचं काम वाईट आहे का? मुळीच नाही. पुस्तक हातातून सुटत नाही. पण एक फरक जाणवतो. लार्सन यांनी लिस्बेथच्या जुळ्या बहिणीचा, कमिलाचा, नुसता उल्लेख करून ठेवला होता. लागरक्रान्ट्झ यांनी तो धागा उचलला आणि तिलाच मुख्य खलनायिका केलं. लार्सन यांच्याकडे लिस्बेथची लढाई कचेऱ्यांशी, गुप्तचर खात्याशी, सरकारी शिक्क्यांशी होती. आता ती सख्ख्या बहिणीशी झाली. वेग वाढला, पण राग ओसरला. पात्रांची नावं, त्यांच्या सवयी, अंगावरचं गोंदण हे सगळं करारानं मिळतं. माणूस रात्री उशिरापर्यंत जागून का लिहीत होता, ते कारण करारात लिहून घेता येत नाही.

मग हे सगळं व्यर्थच का? तसंही नाही. लागरक्रान्ट्झ यांनी २०१९ मध्ये तिसरा भाग लिहून निरोप घेतला. मग कारिन स्मिर्नोफ आल्या. त्यांचा पहिला भाग स्वीडिशमध्ये २०२२ मध्ये निघाला. लिस्बेथविषयी लिहिणारी ही पहिली स्त्री. त्यांनी कथा राजधानीतून उचलून उत्तर स्वीडनमध्ये नेली. तिथली जमीन, पवनचक्क्यांचा धंदा आणि त्यामागचा पैसा हे विषय आणले. हा मुलूख त्यांच्या ओळखीचा, आणि लार्सनही मूळचे त्याच बाजूचे. म्हणजे लार्सन यांची नक्कल करण्यापेक्षा त्यांनी आपली स्वतःची चीड शोधली. मला वाटतं, नव्या लेखकासाठी वाट असेल तर ती हीच.

जेम्स बाँडचे जनक इयन फ्लेमिंग १९६४ मध्ये वारले आणि चारच वर्षांत किंग्जली एमिस यांनी टोपणनावानं नवा बाँड लिहिला. अगाथा ख्रिस्ती यांनी तर १९७५ मध्ये प्वारोचा शेवट स्वतःच छापून टाकला. तरी २०१४ मध्ये वारसांच्या संमतीनं सोफी हॅना यांनी त्याला पुन्हा कामाला लावलं. लेखकानं दार लावून घेतलं तरी किल्ली वारसाकडे राहते. युरोपात ती मृत्यूनंतर सत्तर वर्षं राहते, आपल्याकडे साठ. लार्सन यांच्या बाबतीत हा काळ २०७४ अखेर संपेल.

म्हणून शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या घरात कुणी लिहिणारं असेल, कथा, कविता, नाटक, काहीही, तर त्यांना एकदा विचारा, की तुमच्यामागं या कागदांचं काय करायचं आणि कुणाला विचारून करायचं. उत्तर साध्या कागदावर लिहून घ्या. आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायला विसरू नका. आपल्याकडच्या मृत्युपत्रालाही त्या लागतातच.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)