दुकानाची नवी पाटी
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्याने जन्मभर खडू हाती धरला त्याने व्यापाऱ्यांच्या सभेत व्यापारावर बोलावे, हे काहीसे धार्ष्ट्याचे आहे. परंतु ज्या चुकीमुळे हा विषय आम्हांस शिकावा लागला ती आमच्याच हातून घडली, म्हणून ती आपणांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या पुतण्याचे नाशिक येथे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. स्टेनलेस स्टीलने या धंद्यावर पूर्वीच घाला घातला होता. त्यात अलीकडे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मोबाइलवर शोध घेऊ लागले, आणि त्या शोधात आमचे दुकान कोठेच दिसेना. तेव्हा २०२२ साली आम्ही एका गृहस्थांची त्याजकडे शिफारस केली. ते आपल्या ज्ञातीचे आहेत, एवढीच त्यांची पात्रता आम्ही पाहिली. ‘तीन महिन्यांत गूगलवर पहिला क्रमांक’ असे त्यांनी लेखी दिले, चाळीस हजार रुपये घेतले आणि पुढे दरमहा निराळे मागितले.

आता गूगलचे यंत्र चालते कसे ते पाहू. आपण शब्द टाकला की ते त्या क्षणी सारे जग धुंडाळीत नाही. संकेतस्थळांची पाने आधीच वाचून त्याने त्यांची सूची करून ठेवलेली असते, आणि ग्रंथपालाने सूचिपत्र चाळावे तसे ते तीतून उत्तर काढते. कोणते पान आधी दाखवावे, यासाठी लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली एक युक्ती मांडली. ज्या पानाकडे इतर वजनदार पाने बोट दाखवितात ते पानही वजनदार मानावे, अशी ती युक्ती. ही शिफारशीचीच रीत होय. आणि जेथे शिफारस चालते तेथे खोटी शिफारसही विकत मिळू लागते. २०१२ साली ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून गूगलने अशा विकतच्या दुव्यांवर प्रहार केला. आमच्या या गृहस्थांनी त्यानंतर दहा वर्षांनी तेच शेकडो दुवे विकत घेतले. ज्या पानांवर ते लावले त्यांचा भांड्यांशी सुतराम संबंध नव्हता.

दुकानांच्या बाबतीत मुख्यतः तीन गोष्टी पाहतो, असे गूगल स्वतःच सांगते: विचारलेल्या वस्तूशी दुकानाचा संबंध, विचारणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाचा लौकिक. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही. पैसे घेऊन जे दाखविले जाते ती जाहिरात, आणि तिजवर तसे लिहिलेले असते. सातपूरच्या गिऱ्हाइकास दिसणारा क्रम पंचवटीच्या गिऱ्हाइकास तसाच दिसेल असेही नाही. मग ‘पहिला क्रमांक’ लेखी देणारा मनुष्य नेमके काय देत आहे, हा प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता. वर्गात मुलांस उलटतपासणी शिकविणाऱ्या आम्हांस तो सुचला नाही.

खरी हानी पुढेच होती. दुकानाची गूगलवरील नोंद त्यांनी आपल्या नावच्या ईमेलवर केली होती, आणि तीत दूरध्वनी क्रमांकही स्वतःचा घातला होता. पुतण्याने मासिक रक्कम बंद करताच ती नोंद त्यांनी सोडली नाही. दिवाळीच्या हंगामात येणारे फोन दुकानात वाजलेच नाहीत. घरात दुकान विकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. आम्हांशी कोणी वाईट बोलले नाही, हेच अधिक लागले.

अखेर मालकी मिळण्यासाठी गूगलकडे रीतसर विनंती केली. अशी विनंती आली की जुन्या धारकास उत्तरासाठी तीन दिवस मिळतात, आणि तो गप्प राहिल्यास पुढील पडताळणी करता येते. पाटी, रस्ता, आतील माल व कुलूप उघडणारा मालक यांचे चलचित्र पाठविल्यावर नोंद हाती आली. या कामास एक पैसाही पडत नाही.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही व पुतण्या आकडे पाहतो. त्या गृहस्थांच्या अहवालात हजारो ‘भेटी’ असत. नंतर अ‍ॅनॅलिटिक्स उघडून पाहिले, तेव्हा त्या परदेशातून आलेल्या व क्षणभरही न टिकणाऱ्या निघाल्या. हजेरीपटावरून मूल वर्गात बसले होते इतके कळते; त्यास गणित आले की नाही हे त्यावरून कळत नाही. छोट्या दुकानदाराने किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, आणि मुख्य म्हणजे कोणते शब्द टाकून ते आले, एवढेच पाहावे. हे सारे त्या विनामूल्य नोंदीतच दिसते.

त्या शब्दांनी आम्हांस चकित केले. पुतण्याने पाटीवर ‘कॉपरवेअर’ असे झोकदार लिहिले होते, आणि लोक विचारीत होते ‘कल्हई’! कोणी देवनागरीत, कोणी रोमन लिपीत. कल्हई आमच्या दुकानात आजोबांच्या काळापासून होते. ती कोणास सांगण्याजोगी गोष्ट आहे, असे आम्हांस वाटलेच नव्हते. नोंदीत ‘पितळी भांड्यांस कल्हई करून मिळेल’ हे वाक्य, दर, वार आणि कल्हई चालू असतानाची दोन छायाचित्रे घातली. दुसऱ्या महिन्यापासून जुन्या पातेल्यांच्या पिशव्या घेऊन माणसे येऊ लागली, आणि त्यांतील काही नवा तांब्या किंवा परात घेऊन जाऊ लागली. दुकान विकण्याची गोष्ट आता निघत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. याच स्मरणिकेतील जाहिराती पाहा. ‘हार्दिक शुभेच्छा’ व मालकाचे छायाचित्र असते. दुकानात मिळते काय, हे मात्र शोधावे लागते.

अभिप्रायांविषयी एकच सांगतो. नातेवाइकांकडून पाच-पाच तारे लिहवून घेऊ नका. ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि एकाच आडनावाचे वीस अभिप्राय पाहून गिऱ्हाईकही हसते. रागावलेल्या गिऱ्हाइकास मात्र शांतपणे उत्तर लिहावे.

ज्यांस आपली नोंद तपासावयाची असेल त्यांनी भोजनानंतर आम्हांस भेटावे. येताना दुकानाचा मोबाइल घेऊन यावे, आणि नोंद कोणाच्या ईमेलवर आहे एवढे घरी विचारून यावे.