गजाआडची व्यसनमुक्ती आणि गजाबाहेरचा समाज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



व्यसनी माणूस तुरुंगात गेला की त्याचे व्यसन आपोआप सुटते, असा एक भाबडा समज समाजात आढळतो. ब्राऊन शुगरच्या आहारी गेलेल्या मनुष्याचा पुरवठा तुटताच अंगदुखी, ओकाऱ्या, अतिसार आणि निद्रानाश त्याला आठवडाभर हैराण करतात. तो काळ सरला की शरीर सावरते. मनातील ओढ मात्र दबा धरून बसते. पदार्थ न मिळणे वेगळे आणि तो नकोसा होणे वेगळे. कारागृहातील उपचारांचे खरे प्रयोजन या दुसऱ्या गोष्टीत आहे.

या दिशेने आपल्या देशात झालेला लक्षणीय प्रयत्न दिल्लीच्या तिहार कारागृहातील होय. १९९३ साली श्रीमती किरण बेदी तेथे महानिरीक्षक म्हणून रुजू झाल्या. व्यसन आणि गुन्हा यांचे नाते त्यांनी दिल्ली पोलिसांत असतानाच ओळखले होते. १९८७ साली स्थापन झालेल्या ‘नवज्योती’ या संस्थेमागे तीच जाणीव होती. तिहारची दारे त्यांनी स्वयंसेवी संस्थांना उघडून दिली. एप्रिल १९९४ मध्ये तेथील सुमारे एक हजार कैदी श्री. सत्यनारायण गोयंका यांच्या मार्गदर्शनाखाली दहा दिवस विपश्यनेला बसले. भगवान बुद्धांनी दिलेली ही साधना १९७५ सालीच जयपूरच्या कारागृहात पोहोचली होती, आणि आपल्या इगतपुरीतून ती जगभर गेली.

तथापि, साधनेने वैद्यकीय उपचारांची जागा घ्यावी, असा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. व्यसन हा मेंदूला जडणारा आजार आहे. तिहारमध्येच २००८ साली अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचे उपचार सुरू झाले. औषध शरीराची तगमग शमविते. समुपदेशन आणि साधना मनाला उभारी देतात. दोहोंची सांगड आवश्यक आहे.

कायदाही येथे निष्ठुर नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३९ पाहावे. सेवनासाठी अथवा अल्प प्रमाणातील पदार्थासाठी दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस, तिच्या संमतीने, लगेच शिक्षा न सुनावता शासनमान्य रुग्णालयात उपचारांसाठी पाठविण्याचा अधिकार ते न्यायालयास देते. अशा प्रकरणांत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेता येते. किती कुटुंबांना हे ठाऊक असते?

खरी कसोटी मात्र सुटकेच्या दिवशी लागते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वसामान्य नागरिकांच्या जवळपास तेरा पट आढळले, आणि त्यात मादक पदार्थांच्या अतिसेवनाचा वाटा सर्वांत मोठा होता. कारण उघड आहे. तुरुंगात शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मात्रेने सेवन केले, तर ती मात्रा प्राणघातक ठरते. म्हणजे ज्या दिवशी शासनाची जबाबदारी संपते, नेमक्या त्याच दिवशी धोका शिगेला पोहोचतो.

तेथून पुढचे काम समाजाचे आहे. सुटून येणाऱ्याला घ्यायला दारापाशी कोण उभे असते? बहुधा जुना सोबतीच. त्याच्याआधी तेथे घरचा माणूस आणि वस्तीतील कार्यकर्ता पोहोचला पाहिजे. पहिले पाऊल उपचार केंद्राकडे पडावे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने उभारलेले ‘मुक्तांगण’ हे अशा कामाचे आपल्यापुढील उदाहरण आहे. त्यानंतर नियमित पाठपुरावा हवा, हाताला काम हवे, आणि पाय घसरलाच तर धिक्काराऐवजी पुन्हा उपचार हवेत.

पतित म्हणून ज्याला दूर लोटले, तोही याच समाजपुरुषाचा अवयव आहे. दुखरा अवयव कापून टाकण्यापूर्वी तो बरा करून पाहणे, हा आपला धर्म आहे. प्रत्येक वस्तीने अशा एका कुटुंबाच्या पाठीशी वर्षभर उभे राहण्याचा संकल्प केला, तरी कारागृहातील उपचार वाया जाणार नाहीत.